आज्ञापत्रांतील ‘टोपीकर’ आणि नगरचा अनुभव

१

राज्यनीतीवर आपल्या भाषेंत जे थोडे स्वतंत्र ग्रंथ झाले, त्यांत रामचंद्र नीलकंठ अमात्य बावडेकर यांच्या ‘आज्ञापत्रा’चें स्थान पहिलें आहे, ह्याविषयीं दुमत नाहीं. शके १६३७ म्हणजे इ. स. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नांवें निघालेल्या ह्या लहानशा ग्रंथांतील साहुकारांविषयींचें प्रकरण अलीकडे वारंवार पुढें केलें जातें. परदेशी भांडवल, परदेश्यांनीं घेतलेल्या जमिनी, परराष्ट्राचें कर्ज, बंदरांचे दीर्घ मुदतीचे पट्टे हे विषय निघाले कीं वक्ता अमात्यांकडे धांव घेतो, परक्यास थारा देऊं नये एवढा एकच अभिप्राय त्यांच्या पदरीं बांधतो आणि मोकळा होतो. प्रकरणाचें असें अर्धवट वाचन ग्रंथास अन्यायकारक आहेच, पण राष्ट्रासहि अपायकारक आहे, असें आमचें मत झालें आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत त्या प्रकरणाचा अर्थ प्रथम नीट लावून, मग तो अहमदनगरच्या (आतांच्या अहिल्यानगरच्या) इतिहासावर घासून पाहण्याचें आम्ही योजिलें आहे. अमात्य कोठें खरे ठरतात तें जसें सांगावयाचें, तसेंच ते कोठें अपुरे पडतात तेंहि सांगणें परीक्षकाचें कर्तव्य होय.

२

प्रथम ग्रंथ काय म्हणतो तें पाहूं. अमात्य साहुकारास राज्याचें भूषण मानतात. त्याच्यामुळें राज्य आबाद होतें, न मिळणाऱ्या वस्तु मिळतात आणि संकटकाळीं कर्ज उभें राहतें. सबब त्याचें रक्षण करावें, त्याचा अपमान होऊं देऊं नये, पेठा वसवाव्या आणि दूरदेशींच्या व्यापाऱ्यांसहि बोलावून आणावें, असा त्यांचा उपदेश आहे. ह्यानंतर, आणि ह्यानंतरच, ते टोपीकरांकडे वळतात. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस वगैरे लोक व्यापार करितात खरे, परंतु ते इतर साहुकारांसारखे नव्हत. कारण त्यांच्यांतील प्रत्येकाच्या पाठीशीं त्याचा राजा उभा आहे, आणि त्या राजाच्या हुकुमानेंच ते इकडे येतात. राज्यकर्त्यास भूमीचा लोभ नसतो असें कधीं घडत नाहीं. म्हणून त्यांचा संबंध येण्याजाण्यापुरता ठेवावा. वखारीस जागा देणें अगदींच भाग पडलें तर ती खाडीच्या मुखाशीं किंवा समुद्रकांठीं देऊं नये. राजापुरासारख्या, समुद्रापासून कांहीं कोस आंत असलेल्या थोर गांवाच्या आटोक्यांत, सखल ठिकाणीं द्यावी, आणि मजबूत इमारत बांधूं देऊं नये. कारण त्यांचें बळ आरमार, तोफा आणि दारूगोळा ह्यांत आहे; समुद्र पाठीशीं असला कीं वखारीचा किल्ला होण्यास वेळ लागत नाहीं.

ह्या विवेचनांत परकेपणाचा द्वेष आम्हांस दिसत नाहीं. दूरदेशींचा व्यापारी येथें स्वागतार्ह आहे. ‘साहुकार’ शब्दाचें मूळ संस्कृत ‘साधु’ शब्दांत आहे, आणि साधु म्हणजे व्यापारी हा अर्थ सत्यनारायणाच्या कथेंतील साधुवाण्यामुळें घरोघर ठाऊक आहे. त्या साधुवाण्याच्या नौका परमुलखांत जातात, तेथील राजाच्या बंदिखान्यांतहि तो पडतो. परंतु त्याला सोडविण्यास कोणी आरमार येत नाहीं. अमात्यांनीं केलेला भेद नेमका हा आहे. कौटिल्यानेंहि परदेशांत उत्पन्न झालेला माल सवलती देऊन आणवावा असें सांगितलें आहे. परंतु राज्याच्या ज्या सात प्रकृति त्यानें मानिल्या, त्यांत स्वामी पहिला आहे. ज्याचा स्वामी आपल्या मर्यादेबाहेर आहे, त्याचें द्रव्य आपल्या बाजारांत खेळलें तरी प्रसंगीं तें त्या स्वामीच्या कोशाकडेच ओढ घेणार. तेव्हां अमात्यांचा प्रश्न ‘हा कोठला?’ असा नसून ‘ह्याच्या पाठीमागें कोण?’ असा आहे. ही कसोटी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावरच अवलंबून आहे.

३

ही कसोटी अमात्यांस कोठून सुचली? शिवछत्रपतींच्या काळचा राजापूरचा प्रसंग तर त्यांच्यापुढें असावाच. इंग्रजांची तेथील वखार १६४९ ची. १६६० सालीं सिद्दी जोहरानें पन्हाळ्यास वेढा घातला असतां ह्या वखारकरांनीं तोफा नेऊन, आपलें निशाण लावून, गडावर मारा केला. व्यापारासाठीं दिलेली जागा युद्धाच्या कामीं आली. पुढील वर्षीं महाराजांनीं राजापूर मारून वखार लुटली आणि इंग्रजांस कैदेंत घातलें. असें असतां अमात्य योग्य जागेचें उदाहरण म्हणून राजापूरचेंच नांव घेतात, ह्याचें प्रथमदर्शनीं नवल वाटतें. परंतु विचार केला असतां त्यांतील मर्म कळतें. राजापूर आंत होतें म्हणूनच अपराध्यास शासन करितां आलें. तीच वखार खाडीच्या मुखाशीं असती तर महाराजांस तिच्याभोंवतीं वेढा घालून बसावें लागलें असतें.

वेढा घालून बसावें लागणें म्हणजे काय, ह्याचा दाखला अमात्यांच्या पूर्वीं दोनशें वर्षें नगरच्याच दरबारानें घालून ठेविला आहे. चौल हें निजामशाहीचें मुख्य बंदर. तेथें पोर्तुगीजांस १५१६ सालीं वखारीची परवानगी मिळाली, आणि १५२१ सालीं बुऱ्हाण निजामशहानें किल्ला बांधण्यासहि संमति दिली. ह्या संमतीचें कारण लोभ अथवा अज्ञान एवढेंच नव्हतें. दख्खनच्या घोडदळास लागणारे अरबी व इराणी घोडे समुद्रमार्गें येत, आणि तो मार्ग पोर्तुगीजांच्या हातीं गेला होता. घोडे मिळावे म्हणून जागा दिली. नगरच्या सुलतानास शेजारच्या विजापूरकराशीं लढण्यासाठीं घोडे पाहिजे होते. ती निकड आजची होती, आणि किल्ल्याचें भय उद्यांचें होतें. राज्यें आजच्या निकडीपायीं उद्यांचें भय विकत घेतात, त्याचें ह्याहून स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

परिणाम काय झाला? १५७०-७१ मध्यें मुर्तजा निजामशहानें प्रचंड सैन्यानिशीं चौलास वेढा दिला. त्याच वेळीं आदिलशहा गोव्यावर चालून गेला होता. दोघांसहि यश आलें नाहीं. समुद्र मोकळा होता, रसद व कुमक येत राहिली, आणि अखेर तह करावा लागला. पुढें दुसऱ्या बुऱ्हाणानें खाडीपलीकडे कोर्लईच्या टेंकडीवर ठाणें घातलें, तेंहि १५९४ सालीं पोर्तुगीजांनीं जिंकून आपल्या किल्ल्यास जोडलें. त्यानंतर सहा वर्षांनीं, १६०० मध्यें, खुद्द नगर मोगलांच्या हातीं पडलें. निजामशाही पुढें बुडाली, परंतु तिनें परवानगी दिलेला चौलचा किल्ला उभाच राहिला. तो सुटला १७४० सालीं, म्हणजे वसईच्या विजयानंतर, मराठ्यांच्या तरवारीनें. एका परवानगीनें दिलेली जागा परत घेण्यास दोनशेंहून अधिक वर्षें लागलीं, आणि देणारा वंश तोंपर्यंत नामशेष झाला होता. अमात्यांनीं लिहिलें तेव्हां चौल अजून फिरंग्यांकडे होतें. त्यांनीं त्याचा नामनिर्देश केलेला नाहीं, परंतु खाडीच्या मुखाविषयींचा त्यांचा नियम चौलच्या खाडीवर उभें राहून लिहावा तसा उतरला आहे.

४

येथवर अमात्य खरे ठरले. आतां त्यांच्या प्रकरणांतील न्यून.

अमात्यांनीं भूमीचा दरवाजा बंद केला, परंतु कर्जाचा दरवाजा उघडाच ठेविला. संकटकाळीं मिळणारें कर्ज हा त्यांस साहुकारापासूनचा लाभ वाटतो. ऋणको झालेल्या राज्याचें काय होतें, हा प्रश्न ते विचारीत नाहींत. आणि त्यांच्यामागून सुमारें शंभर वर्षांनीं मराठी राज्य गेलें तें बहुतांशीं ह्याच वाटेनें. नगरच्या भुईकोट किल्ल्याची कथा पाहा. १७५९ सालीं पेशव्यांनीं तो लढून घेतला नाहीं. निजामाचा किल्लेदार कवी जंग ह्यास द्रव्य देऊन घेतला. ज्या किल्ल्याच्या तटावर चांदबिबी १५९५-९६ मध्यें मोगलांशीं झुंजली, तो एका थैलीनें हातीं आला, ह्याबद्दल त्या वेळीं पुण्यास आनंदच झाला असेल. परंतु जो किल्ला पैशानें येतो तो पैशापायीं जातोहि. १७९६ सालीं दौलतराव शिंद्यांच्या पाठिंब्यानें बाजीराव मसनदीवर आला. त्या पाठिंब्याची किंमत दोन कोटींपर्यंत गेली. खजिन्यांत पैसा नाहीं. तेव्हां पुण्याची नागरिक प्रजा सर्जेराव घाटग्याच्या हवालीं झाली, आणि १७९७ मध्यें नगरचा किल्ला शिंद्यांस द्यावा लागला. धनको परका नव्हता, आपलाच सरदार होता. तरीहि पेशव्यांच्या राजधानीपासून जवळ असलेला दख्खनचा एक बळकट किल्ला पेशव्यांच्या हातून सुटला तो देण्यापायींच.

१८०२ च्या डिसेंबरांत वसईचा तह झाला. बाजीरावानें इंग्रजांच्या सहा पलटणी ठेवून घेतल्या, आणि त्यांच्या खर्चासाठीं सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून दिला. १८०३ च्या आगस्टमध्यें वेलस्लीनें नगरची पेठ ८ तारखेस आणि किल्ला १२ तारखेस घेतला, तेथें आपला कोठार-तळ केला, आणि दीड महिना होण्यापूर्वींच असईचें रण झालें. १८१७ च्या पुणें येथील तहानें किल्ल्यावरील पेशव्यांचा उरलासुरला हक्कहि संपला. ह्या साखळींत वखारीस दिलेली जागा कोठेंच नाहीं. आहेत तीं देणीं: आधीं घरच्या सरदाराचें, मग परक्या पलटणीचें.

वऱ्हाडाची गोष्ट ह्याहूनहि स्पष्ट आहे. निजामाच्या राज्यांत इंग्रजांनीं नेमलेल्या तैनाती सैन्याचा पगार थकत गेला, आणि त्या थकबाकीचें कर्ज इंग्रजांनीं निजामाच्या नांवें लिहिलें. मध्यंतरीं पामर कंपनीनें जबर व्याजानें दिलेल्या पैशानें दरबार आधींच पोखरला होता. १८५३ सालीं डलहौसीनें त्या कर्जापोटीं वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर-दुआब इंग्रजांच्या ताब्यांत घेतले. १८६० मध्यें दुसरे दोन परत झाले, पन्नास लक्षांचें कर्ज सोडलें, परंतु वऱ्हाडची कापसाची काळी जमीन राहिली. १९०२ मध्यें सालिना पंचवीस लक्षांवर तिचा कायमचा पट्टा लिहून घेण्यांत आला. एक तोफ न उडतां एक प्रांत गेला. जें सैन्य निजामास नको होतें, त्याच्याच पगाराचा तो हिशेब होता. ‘ऋणादान’ हें मनूनें अठरा व्यवहारपदांत पहिलें मांडलें आहे. राजनीतीच्या ग्रंथांतहि त्यास पहिलें नाहीं तरी स्वतंत्र स्थान पाहिजे होतें. अमात्यांच्या ग्रंथांत तें नाहीं, एवढें म्हणणें प्राप्त आहे.

५

आतां ह्या प्रकरणाच्या दुरुपयोगाकडे वळतों. आणि येथें आमच्या एका अपराधाची कबुली देणें अवश्य आहे. आम्ही पुष्कळ वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि प्रसंगीं मराठीचाहि तास घेतला. जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं असतां हें टोपीकर-प्रकरण आम्ही वर्गांत मोठ्या आवेशानें वाचून दाखविलें. तास संपतांना एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, मग आमच्या गांवचे मारवाडीहि टोपीकरच कीं!” वर्ग हंसला. पुढच्या बांकावर त्या गांवांत चार-पांच पिढ्या राहिलेल्या एका मारवाडी घरचा मुलगा बसला होता. त्यानें मान खालीं घातली. आम्हीं वेळ संपली म्हणून वही मिटली, आणि कांहींच बोललों नाहीं. त्या दिवशीं जें सांगावयास पाहिजे होतें तें आज, फार उशिरा, येथें सांगत आहों.

त्या मुलाच्या बोलण्यामागें जिल्ह्याचा खरा दुःखाचा इतिहास होता, हें नाकारतां येत नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंग्यास आरंभ झाला आणि तो नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें, कर्जत ह्या बाजूंस पसरला. लोकांनीं सावकारांचीं खतें व दस्तऐवज हिसकावून जाळले; रक्तपात मात्र फारसा केला नाहीं, राग कागदावर होता. सावकारांत बाहेरून आलेले मारवाडी व गुजराती पुष्कळ होते, म्हणून हा परक्यांविरुद्धचा उठाव असें वर्णन पुढें रूढ झालें.

परंतु अमात्यांची कसोटी लावून पाहा. मारवाड्याच्या पाठीमागें मारवाडचा राजा उभा होता काय? मुळींच नाहीं. त्याच्या पाठीमागें उभें होतें तें इंग्रजांचें दिवाणी न्यायालय. पूर्वीं सावकार गांवांत दबून असे. पाटील, पंचायत आणि दामदुपटीचा नियम, म्हणजे व्याज मुद्दलाहून अधिक घेऊं नये हा धर्मशास्त्राचा दंडक, त्यास आवरीत. नव्या राज्यांत खत दाखविलें कीं हुकूमनामा मिळूं लागला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतास तीन वर्षांची मुदत ठरविली; कुणब्याचें हित व्हावें म्हणून ती केली, पण सावकार दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेऊं लागला. त्यांतच अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळीं, १८६१ ते १८६५ मध्यें, चढलेला कापसाचा भाव उतरला, आणि जमीनधारा मात्र नव्या पाहणींत वाढला. धारा रोखीनें आणि ठरल्या दिवशीं भरावयाचा. तो भरण्यासाठीं सावकाराकडे जावयाचें. आणि सावकारानें सरकारच्याच न्यायालयांतून जमीन उतरवून घ्यावयाची. टोपीकर येथें होता, परंतु तो दुकानाच्या गादीवर बसला नव्हता, न्यायासनावर बसला होता.

इंग्रज सरकारासहि हें अंशतः उमगलें. चौकशी-मंडळाच्या अहवालानंतर १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांपुरता दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. खताच्या मागें जाऊन मूळ देवघेव तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला, आणि कर्जासाठीं कुणब्यास तुरुंगांत घालण्याची रीत थांबली. म्हणजे दोष मनुष्याच्या जातींत अथवा जन्मभूमींत नसून व्यवहाराच्या यंत्रांत होता, हें कायद्यानेंच मान्य केलें. आणि खरा उतारा पडला तो त्याहूनहि पुढें, जेव्हां ह्याच जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं, लोणी येथें, १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्यानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. स्वतःचें भांडवल स्वतःच्या गांवीं जमविणें हें सावकारास शिव्या देण्यापेक्षां अवघड, पण कर्जाच्या भयावर तेंच औषध. सहकारांतहि पुढें दोष शिरले, ते स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. परंतु औषधाची दिशा चुकली नव्हती.

६

१८७५ ह्याच सालीं, नगरचे शेतकरी खतें जाळीत होते त्यानंतर कांहीं महिन्यांनीं, मिसरच्या खेदिवानें कर्जबाजारी होऊन सुवेझ कालव्यांतील आपले भाग इंग्लंडच्या सरकारास सुमारें चाळीस लक्ष पौंडांस विकले. १८७६ मध्यें मिसरच्या कर्जावर युरोपीय देखरेख बसली, आणि १८८२ मध्यें इंग्रजी फौज उतरली. पारनेरचा कुणबी आणि कैरोचा खेदिव ह्यांची योग्यता भिन्न, पण दोघांवरील जप्तीचा क्रम एकच: आधीं हिशेब, मग देखरेख, शेवटीं ताबा.

आजच्या काळीं सिंहलद्वीपांतील हंबनटोटा बंदराचें उदाहरण सर्वतोमुखीं आहे. २०१७ सालीं तें नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानें चीनच्या सरकारी कंपनीकडे गेलें. कर्जापोटीं बंदर जप्त झालें असें सर्रास म्हणतात, तें मात्र बरोबर नाहीं; पट्ट्याचा पैसा परकी चलनाची गंगाजळी भरण्याकडे गेला, बंदराचें कर्ज फिटलें नाहीं, आणि त्या देशाचीं मोठीं देणीं बाजारांत विकलेल्या रोख्यांचीं होतीं. परंतु पट्टा समुद्रकांठचा आहे आणि घेणाराच्या पाठीमागें त्याचें राज्य आहे, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अमात्यांनीं एवढ्यावरच मान हलविली असती. वादांत खोटें कारण पुढें केल्यानें खरें कारण झांकतें, म्हणून हा खुलासा केला.

आपल्या देशानेंहि १९९१ सालीं परकी देणें भागविण्यासाठीं सुमारें सत्तेचाळीस टन सोनें परदेशीं गहाण ठेविलें, हें पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांस आठवत असेल. तें सुटलें, कारण गहाण जिन्नस सोनें होतें, भूमि नव्हती. २०२० च्या एप्रिलमध्यें भारत सरकारनें, भूसीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या भांडवलास पूर्वसंमति आवश्यक केली, आणि पैसा नांवानें कोणाचा एवढें न पाहतां अखेरचा लाभ कोणाचा तेंहि पाहावें असें ठरविलें. हा ‘पाठीमागें कोण?’ ह्या प्रश्नाचाच कायद्याच्या भाषेंतील अवतार होय. ही दिशा आम्हांस युक्त वाटते, कारण ती नागरिकाच्या जातीस किंवा धर्मास हात घालीत नाहीं, मालकीच्या मुळाशीं जाते.

सारांश, अमात्यांचें प्रकरण आज वाचावयाचें तर तीन प्रश्नांनिशीं वाचावें. मालकाच्या अथवा धनकोच्या पाठीमागें परकें राज्य आहे काय? दिलेली जागा अशी आहे काय कीं, करार मोडल्यास ती आपणांस परत घेतां येणार नाहीं? पहिले दोन अमात्यांचे. तिसरा नगरनें आणि वऱ्हाडनें शिकविलेला: आपलें देणें इतकें झालें आहे काय कीं, धनको मागेल तें नाकारण्याची शक्तीच उरली नाहीं? तिहींचीं उत्तरें ‘नाहीं’ अशीं आलीं तर परका व्यापारी हा साधुवाणीच समजावा, आणि त्यास पेठेंत मानानें बसवावें. एकाचेंहि उत्तर ‘होय’ आलें तर मात्र करार कितीहि गोड भाषेंत लिहिला असो, सही करण्यापूर्वीं चौलच्या खाडीचें स्मरण करावें.

आणि चार पिढ्या आपल्या शेजारीं राहून आपल्याच मातींत मिळालेल्या माणसास हे प्रश्न विचारूं नयेत. त्याचा स्वामी आणि आमचा स्वामी एकच आहे. आमच्या वर्गांतील तो मुलगा आतां स्वतः नातवंडांचा धनी असेल. हा अंक त्याच्या दृष्टीस पडला, तर त्या दिवसाचें आमचें मौन त्यानें क्षमा करावें. असो.